खिलारेबाईंचं दार

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी व्हायचं ठरवलं, तेव्हा आमचे मुख्याध्यापक बाबर गुरुजी म्हणाले, "मॅडम, आता शिकून कुणाचं भलं करणार?"

"माझं," मी म्हणाले.

खोटं बोलले नव्हते. शैक्षणिक तंत्रज्ञानात एम.ए. झालं की जिल्ह्याच्या प्रशिक्षण संस्थेत व्याख्यातीची जागा मिळण्याची शक्यता होती. तेवीस वर्षं पहिली-दुसरीच्या पोरांपुढं हातवारे करून बडबडगीतं म्हटल्यावर आता जरा मोठ्या माणसांपुढं बोलावं, असं कुणालाही वाटेल. ते साल २०४१. आमची वाघजाईवाडी आटपाडीच्या पलीकडे, मेंढरांच्या आणि डाळिंबांच्या मुलखात. तिथून विद्यापीठ चार तासांवर, पण तास बहुतेक पडद्यावरच व्हायचे आणि महिन्यातून एकदा प्रत्यक्ष जावं लागायचं.

शिवाय माझ्याजवळ एक भांडवल होतं. माझं दार.

नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी मी ते तयार केलं होतं. पुठ्ठ्याची चौकट, तिला दोन झडपा, आणि झडपांवर लाल कागदाच्या दोन आडव्या पट्ट्या, म्हणजे आपलं बरोबरचं चिन्ह. गळ्यात 'तीन'ची पाटी घातलेलं पोर, मग अधिकचं चिन्ह धरलेलं, मग 'दोन'चं, अशी डावीकडून रांग लागायची. मी ओरडायची, "दार उघड!" की उजवीकडून 'पाच' उडी मारून बाहेर यायचा. "आत गेले तीन नि दोन, बाहेर आलं उत्तर कोण?" असं गाणंही होतं. पोरं वेडी व्हायची. दोन आठवड्यांत अख्खा वर्ग बेरजा करायचा. त्या दारानं मला आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार मिळवून दिला, त्याची चित्रफीत प्रशिक्षणात दाखवली जाऊ लागली आणि सहाशे शाळांत दारं झाली. एका शाळेनं तर गावातल्या वेल्डरकडून पत्र्याचं करून घेतलं होतं. जिल्ह्यात मला स्वप्नाली खिलारे म्हणून कमी आणि दारवाल्या बाई म्हणून जास्त ओळखतात.

तेव्हा प्रबंधाचा विषय मी शोधलाच नाही. दारातून गेलेली मुलं दहावीपर्यंत कुठं पोचली, हे मला सिद्ध करून दाखवायचं होतं. माझ्या मार्गदर्शक डॉ. फरझाना मुजावर माझ्याहून बारा वर्षांनी लहान. त्यांनी विषय ऐकून फक्त विचारलं, "आणि नाही पोचली असतील तर?"

"असं कसं होईल?" मी म्हणाले. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

विद्यापीठात त्या वेळी 'मागोवा' नावाची प्रणाली नवीन आली होती. तिचं काम समजायला सोपं आहे. एखाद्या मुलाच्या पहिलीपासूनच्या वह्या, पाट्यांचे फोटो, उत्तरपत्रिका, जे मिळेल ते तारीखवार तिच्यात घालायचं. ती किती बरोबर नि किती चूक हे मोजत बसत नाही. हे मूल मनातल्या मनात कुठला नियम वापरतंय, हे ती शोधते. त्यासाठी तिला बरोबर उत्तरांपेक्षा चुका जास्त उपयोगी पडतात. सात अधिक पाच बारा हे शंभर मुलं शंभर तऱ्हांनी काढतील आणि कागदावर सगळ्यांचं बारा सारखंच दिसेल. पण कुणी बाराच्या जागी दोन लिहिले, तर हातचा कुठं हरवला ते कळतं. अशा हजारभर खुणांवरून प्रणाली त्या मुलाची एक छाया तयार करते. ती छाया मग त्या मुलासारखी पेपर सोडवते, त्याच्यासारखी अडते, खोडते, चुकते. खरी नववीची उत्तरपत्रिका लपवून ठेवून छायेला तोच पेपर दिला, तर दहातल्या नऊ चुका जुळतात.

इथपर्यंत मला सगळं आवडलं होतं. पुढची गोष्ट अशी की, छायेला मागं नेता येतं. अमुक तारखेचा एक धडा काढून तिथं दुसरा घालायचा आणि तिला पुन्हा दहावीपर्यंत चालू द्यायचं. एकदा नाही, पाचशे वेळा, कारण माणसाच्या आयुष्यात आजारपणं असतात, नशीब असतं, नि प्रत्येक वेळी ते थोडं वेगळं पडतं. पाचशेतून किती वेळा काय झालं, ते मोजायचं.

जुन्या वह्या कुठून आणणार, हा इतरांना पडणारा प्रश्न मला पडला नाही. आम्हा जिल्हा परिषदेच्या मास्तरांना प्रत्येक गोष्टीचा फोटो काढून वर पाठवावा लागतो. झाड लावलं फोटो, हात धुतले फोटो, गृहपाठ दिला फोटो. इतकी वर्षं शिव्या देत काढलेले अकरा हजार फोटो मी कधी पुसले नव्हते. वरच्या वर्गांच्या वह्या हायस्कुलात स्कॅन झालेल्याच होत्या. पालकांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या संमत्या घेतल्या आणि एकशे त्रेसष्ट मुलांचा माग तयार करायला दिला.

त्याच सुमारास, जून महिन्यात, आरोही कोळेकर तिच्या पोरीला पहिलीत घालायला आली. आरोही माझ्या पहिल्या दारवाल्या वर्गातली. तिच्या आज्याचं दोनशे मेंढरांचं खांड होतं, नि एकदा तिनं आजारी कोकरू दप्तरात घालून शाळेत आणलं होतं. "मी मेंढरांची डॉक्टर होणार," असं ती ज्याला-त्याला सांगत सुटायची. दहावीला गणितात दोनदा नापास झाली, अठराव्या वर्षी लग्न झालं, आता डाळिंबाच्या पॅकहाऊसमध्ये पेट्या भरते.

"बाई, ही ओवी," पोरीला पुढं ढकलत ती म्हणाली. "हिलाबी तुमचं दार शिकवा. मला गणितातलं तेवढंच तर आलं बघा. फुडं आमचं डोकंच चाललं न्हाई, त्याला तुमी काय करणार?"

"शिकवते की," मी म्हणाले. मला फार बरं वाटलं होतं, ते आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

निकाल ऑक्टोबरात आला. मी विद्यापीठात गेले, तेव्हा फरझाना मॅडमनी चहा मागवला, पण स्वतः घेतला नाही. माझ्यापुढं एक कागद सरकवला. त्यावर लिहिलं होतं: ८ + ४ = □ + ५.

"चौकटीत काय येईल?"

"सात," मी म्हणाले.

"तुमच्या मुलांनी काय लिहिलं, बघा."

पडद्यावर एकामागून एक वह्या येत गेल्या. तिसरीतल्या, पाचवीतल्या, सातवीतल्या. बारा. बारा. बारा. काहींनी पुढचे पाचही मिळवून सतरा केले होते.

"पोरं गोंधळली असतील," मी म्हणाले.

"गोंधळली नाहीत. अगदी ठाम आहेत," मॅडम म्हणाल्या. "बरोबरच्या चिन्हाचा अर्थ असा, की दोन्ही बाजू सारख्या. डावीकडं जेवढं, तेवढंच उजवीकडं. तुमच्या मुलांच्या लेखी त्याचा अर्थ, 'आता उत्तर बाहेर येणार.' दाराच्या पलीकडं उत्तर असतं, दुसरं काही असूच शकत नाही. चौथीपर्यंत यानं काही बिघडत नाही, कारण चौथीपर्यंत खरंच उत्तरच येतं. सातवी-आठवीत समीकरणं आली की दोन्ही बाजूंना क्ष, दोन्ही बाजूंना आकडे. तिथं दार उघडतच नाही. मग मूल पायऱ्या पाठ करतं. नववीत पाठांतर पुरत नाही."

मी भांडले. आम्हा शिक्षकांचं एक ठरलेलं भांडण असतं. वरचे म्हणतात खालच्यांनी पाया कच्चा ठेवला, खालचे म्हणतात वरच्यांनी भिंत वाकडी बांधली. ते सगळं मी बोलून घेतलं. हायस्कूलच्या सरांना नावं ठेवली, पाठ्यपुस्तकाला ठेवली. फरझाना मॅडमनी मध्ये अडवलं नाही.

मग त्यांनी दुसरा तक्ता दाखवला. माझ्या वर्गातल्या सगळ्यांचं नुकसान झालं नव्हतं. ज्यांचं माझ्याकडं लक्षच नसायचं, जी खिडकीतून बाहेर बघत बसायची, ती सुटली होती. ज्यांनी दार मनापासून शिकून घेतलं, जी पोरं माझ्यावर जीव टाकायची, तीच आठवीत जाऊन अडली होती. तक्त्याच्या सगळ्यात खाली एकशे चौदा नंबरची विद्यार्थिनी होती. नाव नव्हतं, पण शेजारच्या वहीच्या फोटोतले उलटे काढलेले पाच मी ओळखले. 'उत्तर' व्हायचं म्हणून रोज हट्ट करणारी आणि दारातून सगळ्यात उंच उडी मारणारी पोरगी होती ती. प्रणालीनं दाराच्या त्या एका आठवड्यातला धडा बदलून आरोहीची छाया पाचशे वेळा पुढं चालवली होती. चारशे बारा वेळा ती गणितात पास झाली होती.

मला तिथंच रडू आलं. मॅडमनी खोलीचं दार लोटून घेतलं.

"ही शक्यता आहे, ताई, न्यायनिवाडा नव्हे," त्या म्हणाल्या. त्या दिवसापर्यंत त्यांनी मला कधी ताई म्हटलं नव्हतं. "लग्न, घर, गाव हे यंत्राला दिसत नाही. पण दारामुळं ती अडली, एवढं नक्की."

पुढचं त्यांनी सरळ सांगितलं. एका विद्यार्थ्याचा संपूर्ण माग छापायचा, तर त्या व्यक्तीला सगळं समजावून तिची वेगळी संमती घ्यावी लागते. ती नको असेल, तर नुसत्या सरासऱ्या छापता येतात, नि सरासरीत खिडकीबाहेर बघणारी पोरं मिसळली की निष्कर्ष मऊ होतो. 'या पद्धतीचे दूरगामी परिणाम संमिश्र आढळतात.' तेवढं लिहिलं तरी पदवी मिळणार होती. जागेची मुलाखत जानेवारीत होती.

"दोन्ही प्रबंध मंजूर होतील," मॅडम म्हणाल्या. "एक वाचून सहाशे दारं तशीच राहतील. कुठला लिहायचा, ते मी सांगणार नाही."

पहिलीच्या वर्गात दाराचा आठवडा दिवाळीनंतर असतो. सुट्टीनंतर पोरांनी मागं लागून लागून विचारलं, "मॅडम, दार कधी?" दाराला रंग द्यायचाय, असं सांगून मी आठ दिवस काढले. आरोहीच्या ओवीनं घरून रंगाचा ब्रश आणला.

बाबर गुरुजींना मी सगळं सांगितलं. माणूस चांगला, निवृत्तीला सहा महिने राहिलेले. ते हजेरीपटावर बोटं आपटत बसले.

"मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. "तुम्ही दार बंद करा, नवीन काहीतरी शिकवा, मी अडवणार नाही. पण हे छापू नका. आज तुमचं दार निघालं, उद्या माझे पाढे निघतील. प्रत्येक मास्तराच्या नावापुढं त्याच्यामुळं वाया गेलेल्या पोरांची यादी लागेल. कोण येईल मग या धंद्यात?"

त्यांचं चूक नव्हतं. हे यंत्र उद्या कुणाच्या हातात जाईल आणि कुणाला झोडपायला वापरलं जाईल, हे मलाही दिसत होतं. डॉक्टरच्या हातून रोगी गेला तर त्याला कळतं तरी. आम्ही तीस-तीस पोरं पुढं पाठवतो नि टाळ्या वाजवून घेतो.

"गुरुजी, ती आरोही म्हणते, माझं डोकंच चाललं नाही," मी म्हणाले. "तिला तसंच म्हणू द्यायचं का?"

गुरुजी म्हणाले, "नऊ वर्षं झाली. तिनं आता पचवलंय ते. तुमच्या मनाच्या शांतीसाठी तिचा घास कडू कशाला करता?"

तीन दिवस मी स्वतःला तेच विचारत राहिले, नि तिसऱ्या दिवशी शाळेत ओवीनं माझ्यापुढं बेरजेची वही धरली. तीन अधिक एक, यापुढं तिनं दोन रेघा मारल्या होत्या आणि ती म्हणाली, "आई म्हणती, हितनं उत्तर भाईर येतंय." मी शिकवलं नव्हतं तरी ते घरातून आलं होतं. दुपारी अर्धी रजा टाकून मी पॅकहाऊसवर गेले.

जेवणाची सुट्टी होती. आरोही टेबलाशी एकटीच भाकरी खात बसली होती. मला बघून हात पुसत उठली. "ओवीला काय झालं का?"

"तिला काही झालं नाही. बैस तू. मला तुझ्याशी बोलायचंय."

मी पिशवीतून टॅब नि कागद काढला आणि कागदावर तेच लिहिलं. आठ अधिक चार, बरोबर, चौकट अधिक पाच. तिनं बघितलं आणि लाजली.

"बारा," ती म्हणाली. "चुकलं असंल. माझं गणित तुमाला म्हाईतच हाय."

शेजारी अर्ध्या भरलेल्या पेट्या होत्या. मी एक पेटी रिकामी करून तिच्यात आधी आठ आणि मग चार डाळिंबं ठेवली. दुसरीत पाच ठेवली. सगळी एका आकाराची निवडून घेतली.

"या दोन पेट्यांचं वजन सारखं करायचंय. हिच्यात अजून किती घालशील?"

"सात," तिनं क्षणही लावला नाही. दिवसभर ती तेच करत होती.

"हा कागदावरचा प्रश्न तोच आहे, आरोही. त्या दोन रेघांचा अर्थ एवढाच, की ही पेटी नि ती पेटी सारखी."

तिनं कागद जवळ ओढला. पेट्यांकडं बघितलं, पुन्हा कागदाकडं बघितलं. चौकटीत सात लिहिले. मग त्याखाली स्वतःच्या मनानं लिहिलं, दहा अधिक दोन बरोबर सहा अधिक सहा, नि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"एवढंच व्हतं?" ती म्हणाली.

"एवढंच," मी म्हणाले.

"बाई, एवढंच व्हतं? आन मग तवा असं का न्हाई सांगितलं?"

मग मी सांगितलं. दाराचं, यंत्राचं, छायेचं, पाचशेतल्या चारशे बाराचं, सगळं. तुझं डोकं चांगलं होतं, तू माझं सगळ्यात जास्त ऐकलंस म्हणून अडलीस, हेही सांगितलं. मी तिची माफी मागितली. भाकरी तशीच राहिली.

"ओवीला दार दावलं का?" तिनं पहिलं हे विचारलं.

"नाही. आणि दाखवणार नाही."

"मी तिला घरी दावलंय." तिनं डोळे मिटून घेतले. "मीच दावलंय."

"ते पुसता येतं गं. ती सहा वर्षांची आहे."

बायका जेवून परत येऊ लागल्या. आरोही म्हणाली, "दोनदा नापास झाले, तवा बानं विचारलं, शिकायचंय का लगीन करायचंय. म्या म्हनलं, मी ढ हाय, लगीन करा. म्या सोता म्हनलं, बाई. कुणी जबरी न्हाई केली." मग तिनं माझ्या टॅबकडं बोट केलं. "ती पोरगी दावा. पास झालेली."

मी दाखवली. दहावीची उत्तरपत्रिका, आरोहीच्याच अक्षरात, कारण छाया अक्षरही तसंच काढते. शंभरातले अडुसष्ट. आरोही एकेक पान बोटानं वर सारत शेवटपर्यंत वाचत गेली. मध्ये एका ठिकाणी छायेनं उदाहरण खोडून पुन्हा सोडवलं होतं, तिथं ती थांबली.

"ही कुठं असती आता?"

"कुठंच नाही. यंत्रातच आहे."

"मंग तिचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि टॅब माझ्याकडं सरकवला. "मला काय करायचं ते सांगा."

मी संमतीपत्र पुढं ठेवलं. नाही म्हणालीस तरी चालेल, मी दार बंद करणारच आहे, असंही सांगितलं. कुठंही नाव येणार नाही, 'विद्यार्थिनी क्रमांक एकशे चौदा' एवढंच छापलं जाईल, हे सांगितलं. तिनं ते सगळं सावकाश वाचलं. 'माझी ओळख गुप्त ठेवावी' या ओळीवर आली नि पेन मागितलं. ती ओळ खोडली.

"आरोही, तसं करायची गरज नाही. गावात लोक काय म्हणतील?"

"नापास झाले तवा नाव गुप्त ठेवलं व्हतं का कुणी? समद्या गावाला ठावं हाय, कोळेकराची आरोही ढ हाय. मला बी तसंच वाटत व्हतं. आता हे बी समद्यांला ठावं होऊ द्या." तिनं पूर्ण नाव लिहिलं, आरोही बिरू कोळेकर, माहेरचं. मग कागद परत देताना माझ्याकडं पहिल्यांदा सरळ बघितलं. "आन तुमचंबी घाला. नुसतं 'एक शिक्षिका' लिवू नका."

"घालते."

"मी तुमाला माफ केलं का, ते मला ठावं न्हाई अजून," ती म्हणाली. आणि पेट्या भरायला उठली.

जानेवारीत मुलाखतीला मी प्रबंध घेऊनच गेले. जागा दुसऱ्याला मिळाली. सहाशे शाळांना मी स्वतः पत्रं लिहिली. काहींनी दारं काढली, काहींनी कळवलं की आमची पोरं आनंदात आहेत, तुम्ही आपलं बघा. बाबर गुरुजी दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. मग एका दुपारी आपल्या वर्गातल्या पाढ्यांच्या वह्यांचे फोटो असलेला जुना मोबाइल माझ्या टेबलावर ठेवून निघून गेले.

प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, कुणालाही मागून वाचता येतो. एकशे बाराव्या पानावर आरोहीचा माग सुरू होतो आणि तिथं वर आम्हा दोघींची पूर्ण नावं आहेत. तिचं आधी आहे.